पार्श्वभूमी : लशीवरच्या संशयाचा माग काढणारी मानववंशशास्त्रज्ञ

लस नाकारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळं होणं फार सोपं असतं. हायडी लार्सन यांनी ते केलं नाही, म्हणून त्यांच्या कामामागची हकीकत मला महत्त्वाची वाटते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून मानववंशशास्त्रात पीएचडी करून त्या पुढे युनिसेफमध्ये गेल्या. लसीकरणाबद्दल लोकांशी कसं बोलायचं, हे तिथं त्यांचं काम. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो राज्यात पोलिओचे डोस बंद पडले. या थेंबांनी मुली वांझ होतात, हा अमेरिकेचा डाव आहे, अशी बोलवा होती. बहिष्कार जवळजवळ वर्षभर टिकला आणि पोलिओमुक्त झालेल्या देशांत विषाणू पुन्हा शिरला.

अफवा खोटीच होती. पण १९९६ मध्ये याच कानोत मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या) साथीत फायझर या अमेरिकी औषध कंपनीने ट्रोव्हन या नव्या औषधाची सुमारे २०० मुलांवर चाचणी घेतली होती. त्यातली ११ मुलं दगावली. पालकांची संमती रीतसर घेतली होती का, यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. गावानं हे विसरावं तरी कसं? त्यात आयांचा प्रश्न साधा होता : दवाखान्यात तापावरची गोळी मिळत नाही, मग पोलिओचे थेंब तेवढे फुकट, तेही पुन्हा पुन्हा दारात कसे येतात? या प्रश्नाला विषाणूची माहितीपत्रकं उत्तर देऊ शकत नव्हती. शेवटी कानोसारख्याच मुस्लिमबहुल इंडोनेशियात तयार झालेली लस आणल्यावर बहिष्कार उठला.

२०१० मध्ये लार्सन यांनी लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये लशीवरील विश्वासाचा अभ्यास करणारा प्रकल्प उभा केला. त्याच वर्षी त्यांनी भारताबद्दलही लिहिलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी) लस देण्याचा प्रकल्प एप्रिलमध्ये थांबवावा लागला होता. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सापडला नाही. मात्र खम्ममच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. लस निर्दोष असली तरी ही सही निर्दोष ठरत नाही.

२०१६ मध्ये त्यांच्या चमूनं ६७ देशांतलं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. लस सुरक्षित आहे हे न मानणारे सर्वाधिक कुठं निघाले? लसविज्ञानाचा पाया घालणाऱ्या लुई पाश्चरच्या फ्रान्समध्ये, ४१ टक्के.