चार तांबड्या फुल्या आणि एक पोरगा

जुलैतला रविवार. अंधेरीच्या टर्फवर पाऊस नुकताच थांबला होता. सराव आटोपून मुलं बुटांत शिरलेले काळे रबराचे दाणे झटकत होती. प्रशिक्षक वही घेऊन माझ्याशेजारी बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्यातून दोनदा या छोट्या फुटबॉल क्लबच्या मुलांना तपासायला जाते. वहीत एका नावापुढे चार तांबड्या फुल्या होत्या, प्रत्येक दुखापतीला एक.

"मॅडम, याचं काय करू? विंगवर बॉल दिला की दोन माणसं सहज मागे टाकतो. पण दीड महिना खेळतो आणि महिनाभर बाहेर बसतो. ठेवू की सोडू?"

मुलगा सतरा वर्षांचा, डोंबिवलीचा. त्याच्या वडिलांनी आदल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "मॅडम, याची हाडंच कच्ची आहेत का हो?"

हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. वारंवार दुखापत होणं हा त्या मुलाच्या शरीराचाच गुण आहे, डोळ्यांच्या रंगासारखा जन्मापासून ठरलेला, असं दोघांनीही धरलं होतं. मैदानावर अशा मुलाला "काचेचा आहे" म्हणतात आणि एकदा ते नाव पडलं की सुटत नाही. म्हणून त्या दिवशी प्रशिक्षकांना जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी नशिबाचं बघू. युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांमधल्या दुखापतींची नोंद स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून सलग ठेवत आले आहेत. त्यातून निघालेला हिशेब असा: एका खेळाडूला हंगामात सरासरी २ दुखापती होतात, म्हणजे २५ जणांच्या संघात वर्षाला सुमारे ५०. आता क्षणभर असं समजा की पंचविसांचीही शरीरं अगदी सारखी आहेत आणि या पन्नास दुखापती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कोणाच्याही वाट्याला येतात. तरीही त्या प्रत्येकाला दोन-दोन अशा वाटल्या जाणार नाहीत. गणित सांगतं की साधारण तीन खेळाडूंना वर्षभरात काहीच होणार नाही आणि एखाद्याच्या वाट्याला पाच किंवा त्याहून जास्त येतील. त्या एकाला आपण लगेच काचेचा ठरवू आणि त्या तिघांना लोखंडाचे. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या नव्याने पडतील. फक्त फुल्या मोजून मुलाला काढून टाकणारा क्लब बरेचदा कमनशिबी मुलालाच काढत असतो.

पण सगळं नशिबावर टाकून मोकळं होता येत नाही. स्वीडनच्या अव्वल साखळीतल्या १२ संघांचा २००१ आणि २००२ असा दोन हंगामांचा अभ्यास झाला. पहिल्या हंगामात दुखापत झालेल्यांना पुढच्या हंगामात दुखापत होण्याचा धोका इतरांच्या २.७ पट निघाला. मांडीचा मागचा स्नायू, जांघ आणि गुडघा यांच्या बाबतीत तर तीच दुखापत पुन्हा होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होती. दुखापतीचा सगळ्यात भरवशाचा इशारा म्हणजे आधीची दुखापत, हे त्यानंतरही अनेकदा दिसून आलं आहे.

म्हणून आधी बघायचं ते फुल्या कशाच्या आहेत. प्रशिक्षकांना म्हटलं, चारही तारखा सांगा.

पहिली फुली पंधराव्या वर्षातली, गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला दुखण्याची. त्या वर्षी पोरगा झपाट्याने वाढला होता, आईने शाळेची पँट दोनदा उसवून लांब केली होती. मुलगे साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतात, त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरही. हाडं लांब होतात, पण स्नायू आणि स्नायूबंध मागे पडतात आणि ते हाडाला जिथे चिकटतात तिथल्या कोवळ्या कूर्चेवर ताण येतो. गुडघ्याखाली टेंगूळ येतं, ते दाबलं की मूल कळवळतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेतही असंच होतं. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं आपसूक जातं. या फुलीला पुढच्या वर्षांसाठी जवळजवळ काहीच अर्थ नाही. तेव्हा उड्या आणि धावणं थोडं कमी करायला हवं होतं, एवढंच. माझ्या हातात असतं तर प्रत्येक क्लबच्या भिंतीवर उंची मोजायची पट्टी लावली असती आणि दर तीन महिन्यांनी मुलांना तिथे उभं केलं असतं. खर्च शून्य.

दुसरी फुली खांद्याजवळच्या हाडाची, म्हणजे हासळीची. वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर हेडरसाठी उडी मारली आणि समोरचा पोरगा अंगावर आला. (हे मैदान ज्यांच्या नावाचं आहे, त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. आमच्या मुलांना ते तोंडपाठ आहे.) टक्कर झाली, हाड मोडलं, जुळलं. या फुलीतून त्याच्या अंगाबद्दल काहीही कळत नाही. वडिलांना हेच सांगितलं, त्या धडकेत माझं-तुमचं हाडही मोडलं असतं. हाडाला पुन्हा पुन्हा बारीक चीर जाणं मात्र निराळं, तिथे मूल पुरेसं जेवतं का आणि ड जीवनसत्त्व किती आहे हे बघावंच लागतं. याच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

उरल्या तिसरी आणि चौथी, मार्चची आणि एप्रिलची. उजव्या मांडीचा मागचा स्नायू, मुलांच्या भाषेत "हॅमस्ट्रिंग गेली". या दोन फुल्या खऱ्या तर एकच आहेत.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. पळताना दुखावतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फेमोरिस. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो, गुडघा जवळजवळ सरळ होतो आणि पाऊल जमिनीला लागायच्या क्षणभर आधी या स्नायूला तो सुसाट सुटलेला पाय आवरावा लागतो. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी पूर्ण ताकदीने ओढतही असतो. माळ्यावरची भरलेली ट्रंक हळूहळू खाली घेताना दंड कसे थरथरतात, आठवून बघा. तोच प्रकार, फक्त सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात. तिथेच तंतू तुटतात.

तुटलेले तंतू शरीर सांधतं. आधी सूज येते, मग स्नायूतल्या राखीव पेशी जाग्या होऊन नवे तंतू बनवतात, आणि त्याबरोबर व्रणाची ऊतीही भरली जाते, जी स्नायूसारखी ताणली जात नाही. दुखणं बरेचदा आठवड्या-दोन आठवड्यांत जातं, आतली डागडुजी त्यानंतरही बराच काळ चालू असते. सगळा घोटाळा या मधल्या दिवसांत होतो. हा मुलगा मार्चमध्ये बाराव्या दिवशी सामना खेळला. दुखत नव्हतं, उपांत्य फेरी होती आणि त्यालाच खेळायचं होतं. तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फाटलं. प्रशिक्षकांना मी दोष देत नाही. मुंबईतल्या बहुतेक छोट्या क्लबांकडे थंड फवाऱ्याची बाटली असते, फिजिओ नसतो, आणि "दुखतंय का?" "नाही सर" एवढ्यावर निर्णय होतो. पण हाच प्रश्न सगळ्यात निरुपयोगी आहे, हे मात्र मला पुन्हा पुन्हा आणि कळकळीने सांगावंसं वाटतं.

आणखी एक बारकावा. एकदा दुखावलेल्या या स्नायूतल्या तंतूंच्या जुड्या आखूड झालेल्या आढळतात. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची सोनोग्राफी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या जुड्या सुमारे साडेदहा सेंटिमीटरपेक्षा आखूड होत्या त्यांना ही दुखापत होण्याचा धोका चौपट निघाला. आखूड जुडी लांब ताणाला लवकर हार जाते. आता आनंदाची गोष्ट, ही लांबी व्यायामाने वाढते.

त्या व्यायामाला नॉर्डिक म्हणतात आणि त्याला एक मित्र सोडून काहीच लागत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने मागून घोटे घट्ट दाबून धरायचे. मग कमरेत न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ फळी ठेवून, जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. एका कोनाला मांड्या सोडून देतात, तेव्हा हात टेकायचे. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर याचा प्रयोग झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा आठवडे हा व्यायाम केलेल्या गटात वर्षभरात १५ दुखापती झाल्या, न केलेल्या गटात ५२. आधी दुखावलेल्यांमध्ये फरक सगळ्यात मोठा होता, पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी उतरलं. आमच्या मुलाला मी त्या रविवारी करायला लावलं. अर्ध्यावर येताच तो उजवीकडे कलंडला. मोजलं तर उजव्या मांडीची ताकद डाव्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. एप्रिलपासून कोणी मोजलंच नव्हतं.

मग त्याला झोपेचं विचारलं. साडेसहाच्या सरावासाठी तो चारला उठतो, डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. बारावीचा क्लास रात्री साडेनऊला सुटतो, झोपायला साडेअकरा. साडेचार तास! लॉस एंजेलिसमधल्या ११२ शाळकरी खेळाडूंच्या २०१४ च्या अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट होती. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठं काही उभारू नये. पण अपुऱ्या झोपेचा मुलगा पूर्ण वेगात पळवायचा आणि वर त्याच्या हाडांना नावं ठेवायची, हे मला मान्य नाही.

प्रशिक्षक म्हणाले, "पण मॅडम, डेम्बेलेचं बघा ना." उदाहरण चांगलं होतं. फ्रान्सच्या उस्मान डेम्बेलेला २०१७ मध्ये बार्सिलोनाने १० कोटी ५० लाख युरो मोजून घेतलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पहिल्याच काही आठवड्यांत त्याच्या मांडीचा स्नायूबंध तुटून शस्त्रक्रिया झाली आणि पुढची कित्येक वर्षं मांडीने त्याचा पिच्छा सोडला नाही. २०२३ मध्ये तो पॅरिसच्या क्लबात गेला आणि २०२५ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, त्याने जिंकला. पण याच्याशेजारी इंग्लंडचा जॅक विल्शरही ठेवायला हवा. तो सोळाव्या वर्षी आर्सेनलच्या मुख्य संघात आला, घोट्याने त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले आणि २०२२ मध्ये तिशीतच तो थांबला. वाचले त्यांची नावं आपल्याला आठवतात, थांबले ते विसरले जातात. एका डेम्बेलेवरून आपल्या पोराचं ठरवू नये, आणि एका विल्शरवरूनही.

एखादी चाचणी करून आधीच कळेल का? याबाबत मी नॉर्वेचे क्रीडा-दुखापतींचे संशोधक रोआल्ड बार यांच्या बाजूची आहे. त्यांनी २०१६ मध्ये पुराव्यानिशी मांडलं की, अशा चाचण्यांमधून कोणत्या गटाला धोका जास्त हे कळतं, पण नेमका कोण दुखावेल हे सांगता येत नाही. धोका असलेले आणि नसलेले यांचे आकडे एकमेकांत फार मिसळलेले असतात. म्हणून ताकद मोजायची ती व्यायाम ठरवायला, मुलाला घरी पाठवायला नव्हे.

एका जागी मात्र माझं उत्तर बदललं असतं. या फुल्या गुडघ्याच्या असत्या, म्हणजे गुडघ्याच्या आतला, मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटला असता, मुलांच्या भाषेत "एसीएल गेलं" असतं, तर मी इतकी निर्धास्त बोलले नसते. हा अस्थिबंध शस्त्रक्रियेने पुन्हा बसवून मैदानावर परतलेल्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंपैकी जवळजवळ चौथ्या भागाचा, २३ टक्क्यांचा, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा अस्थिबंध पुन्हा तुटतो. नॉर्वेच्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटला. आणि दहा ते वीस वर्षांनी साधारण निम्म्या लोकांना त्या गुडघ्यात संधिवात होतो. सतरा वर्षांचं पोर पस्तिशीत स्टेशनचा जिना कठड्याला धरून उतरणार असेल, तर प्रश्न क्लबच्या फायद्याचा राहत नाही. दोन्ही गुडघे गेलेल्या मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना समोर बसवून हे स्पष्ट सांगणं, हे क्लबचं कामच आहे. मोठे क्लबही हे टाळतात आणि मुलाला हळूच यादीतून गाळतात.

आमच्या मुलाचं तसं नव्हतं. चार फुल्यांपैकी एक वाढीची, एक धडकेची आणि दोन मिळून एक अर्धवट बरी झालेली मांडी. प्रशिक्षकांना सांगितलं, ठेवा, पण मार्चसारखं ठेवू नका. दहा आठवडे नॉर्डिक. सामन्याआधी दोन्ही मांड्यांची ताकद दहा टक्क्यांच्या फरकात यायला हवी. पूर्ण वेगाच्या धावा आधी सरावात आणि टप्प्याटप्प्याने. मंगळवार आणि गुरुवारी त्याने सकाळी अंधेरीला यायचं नाही, डोंबिवलीच्याच मैदानावर संध्याकाळी क्लासच्या आधी व्यायाम करायचा, म्हणजे दोन रात्री तरी साडेसहा-सात तास झोप मिळेल. आणि वहीत फुलीऐवजी कुठे दुखलं, कसं दुखलं आणि किती दिवस बाहेर बसला हे लिहायचं.

प्रशिक्षकांनी त्या पानावर रेघ मारून तीन रकाने आखले. पलीकडे मुलगा पुन्हा गुडघ्यांवर उभा राहिला होता. गोलकीपर त्याचे घोटे धरून बसला होता आणि मोठ्याने आकडे मोजत होता. चौथ्या खेपेला तो सरळ खाली आला, पाचव्याला पुन्हा उजवीकडे कलंडला.