भूतानचे तिरंदाज ऑलिंपिकमध्ये कसे पोचले

भूतान ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला १९८४ साली, लॉस एंजेलिसला. खेळाडू सहा, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया. सहाही तिरंदाज! २०१२ साली लंडनला एक महिला नेमबाज गेली, तोवर या देशाने उन्हाळी ऑलिंपिकला तिरंदाजांखेरीज कुणालाच पाठवलं नव्हतं.

थिंफूपर्यंत मोटाररस्ता पोचला तोच १९६२ मध्ये. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी तिरंदाजीला राष्ट्रीय खेळाचा मान मिळाला. १९८३ मध्ये ऑलिंपिक समिती स्थापन झाली आणि वर्षभरात पथक निघालंही.

मात्र गावाकडची तिरंदाजी अगदी वेगळी. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी फळी, मधलं अंतर सुमारे १४० मीटर आणि फळीची रुंदी जेमतेम वीतभर किंवा थोडी जास्त. धनुष्य बांबूचं. बाण फळीत रुतला की संघातले सगळे गात नाचतात. बायका कडेला उभ्या राहून गाणी म्हणतात, प्रतिस्पर्ध्याचं चित्त विचलित व्हावं म्हणून त्याला चिडवतात. बाण मात्र परंपरेने पुरुषच मारत आले. म्हणून त्या पहिल्या पथकातल्या तीन स्त्रिया मला फार महत्त्वाच्या वाटतात. ज्या खेळात आजवर कडेला उभं राहायचं, त्यात त्या थेट ऑलिंपिकला धनुष्य घेऊन उभ्या राहिल्या.

तिथे नियम निराळे होते. पुरुषांना ९०, ७०, ५० आणि ३० मीटर, स्त्रियांना ७०, ६०, ५० आणि ३०. प्रत्येकी २८८ बाण, चार दिवसांत. गाणं नाही, नाच नाही, फक्त गुणांची बेरीज. घरी याहून कितीतरी लांबचा नेम धरणाऱ्यांनाही हा खेळ नव्यानेच शिकावा लागला असणार. पदक मिळालं नाही, आजवरही नाही. पण भारताचे तिरंदाज ऑलिंपिकला पहिल्यांदा गेले ते १९८८ मध्ये. या खेळात आपला हा चिमुकला शेजारी आपल्या एक पाऊल पुढे होता.

पुढची कित्येक वर्षं भूतानचे खेळाडू निमंत्रणावर जात राहिले. पात्रता फेरीतून स्वतःच्या बळावर जागा मिळवणारी पहिली खेळाडू ठरली कर्मा, तीही तिरंदाजच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत पहिल्याच फेरीत तिच्यासमोर आली आपली दीपिका कुमारी, आणि दीपिकाने तो सामना ६-० असा जिंकला.