साठवणीतील फळांची बुरशीरोधकता आणि वनस्पतिज संयुगे

झाडावरून उतरवलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेते, पिकते आणि बुरशीशी झगडतेही. हा झगडा ज्या रासायनिक द्रव्यांच्या जोरावर चालतो, त्यांतली काही सालीत आणि चिकात आधीपासून असतात, काही बुरशीचा मारा झाल्यावर तयार होतात. लवंग, ओवा, गवती चहा अशा दुसऱ्या वनस्पतींतील द्रव्ये बाहेरून देऊन हा विरोध वाढवण्याचे प्रयत्नही याच विषयात येतात. नोंदीतील मुख्य उदाहरण आंब्याचे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत देवगडकडचा हापूस फोंडा आणि करूळ घाट चढून, रत्नागिरीकडचा ‘आंबा’ नावाच्याच घाटातून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात येतो. पेटी फोडली तेव्हा फळ निर्मळ दिसते. घरी नेऊन चार-सहा दिवस आढीत ठेवले, की सालीवर काळे ठिपके उमटतात, ते एकमेकांत मिसळतात आणि खालचा गर मऊ पडतो. गिऱ्हाईक व्यापाऱ्याला बोल लावते, व्यापारी घाटाला. दोघांचेही चुकते. हा करपा बहुधा बागेतूनच आलेला असतो.

करप्याची बुरशी कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडीस. मोहोर आणि कोवळ्या फळांच्या काळात पाऊस किंवा दाट दव पडले, की तिचे बीजाणू फळावर रुजतात, सालीला घट्ट चिकटणारी एक गडद पेशी तयार करतात आणि तिथेच थांबतात. ही सुप्त लागण डोळ्यांना दिसत नाही, फळ धुऊनही जात नाही. बुरशी थांबते, कारण कच्च्या आंब्याची साल तिला पुढे सरकू देत नाही. 1980 च्या दशकात इस्राएलमधील संशोधकांनी कच्च्या सालीतून रिसॉर्सिनॉल गटातील दोन बुरशीरोधक संयुगे वेगळी केली. त्यांचे काम अल्टरनेरिया या काळे डाग पाडणाऱ्या दुसऱ्या बुरशीवर होते. फळ पिकू लागले की या संयुगांचे प्रमाण उतरते आणि दबून बसलेली बुरशी हलू लागते, असे त्यांना आढळले. सालीतील गॅलोटॅनिने ही तुरट द्रव्येही कच्चेपणी बुरशीला अडवतात.

बुरशीही आंधळेपणाने वाट पाहत नसते. पिकण्याचा संकेत म्हणून फळ जो इथिलीन वायू सोडते, तो तिलाही कळतो. इथिलीन मिळताच कोलेटोट्रायकमचे बीजाणू रुजतात आणि चिकटपेशी तयार करतात, हे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. झाडाच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काही नाही. बी तयार होईपर्यंत फळ राखायचे आणि नंतर ते कोणीतरी खावे म्हणून गोड, मऊ आणि बिनविषारी करायचे, एवढाच त्याचा हिशेब. पिकलेले फळ टिकावे ही गरज माणसाची आहे.

इतर फळांतही हेच दिसते. हिरव्या टोमॅटोतील टोमॅटिन बुरशीच्या पेशीपटलातील स्टेरॉलला चिकटून ते पटल फोडते. टोमॅटो लाल होईपर्यंत त्याचे प्रमाण फारच घटते. ॲव्होकॅडोच्या सालीत डायीन नावाचे एक बुरशीरोधक संयुग असते. लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) ते मोडते आणि एपिकॅटेचिन हे सालीतलेच दुसरे द्रव्य त्या विकराला आवरून धरते. फळ पिकताना एपिकॅटेचिन कमी झाले, की डायीनही जाते. कच्ची लिंबे बऱ्याच अंशी सालीच्या तेलग्रंथींतील सिट्रालवर विसंबून असतात.

मारा झाल्यावर तयार होणाऱ्या संयुगांना फायटोॲलेक्झिन म्हणतात. ही कल्पना 1940 मध्ये जर्मनीत बटाट्यावरील कामातून पुढे आली. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षांमुळे आपल्याला जवळचे उदाहरण रेस्व्हेराट्रॉलचे. द्राक्षवेलीत ते असे काम करते हे 1976 मध्ये दाखवले गेले. मणी पक्व होताना त्याची निर्मिती मंदावते, म्हणून घड भरल्यावर बोट्रायटिस बुरशीची कूज जास्त पसरते.

आंब्याचा चीक हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. चीक सालीवर ओघळला तर साल भाजते, डाग पडतो, भाव पडतो. म्हणून तो शत्रू मानला जातो. पण त्याच चिकात रिसॉर्सिनॉले असतात, शिवाय बुरशीची पेशीभित्ती विरघळवणारे कायटिनेज विकरही असते. चीक फळातच राहिला तर करपा आणि देठकूज कमी होते, असे श्रीलंका आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यास सांगतात. देठासकट फळ काढण्याची कोकणातली पद्धत आणि त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेला (फळ काढण्याचे अवजार) यांचा फायदा निव्वळ दिसण्यापुरता नाही, तो इथेही आहे. ऑस्ट्रेलियात नत्राची मात्रा वाढवलेल्या आंब्यात करपाही वाढलेला आढळला. आपल्याकडे उसाच्या बांधावरच्या आंब्याला उसाचा युरिया फुकटात मिळतो, त्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही.

बाहेरून द्यायच्या द्रव्यांत लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, गवती चहातील सिट्राल आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही प्रमुख. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ती बुरशी हमखास रोखतात, आणि अशा बश्यांवर बेतलेले प्रबंध ढिगाने आहेत. पेटीत मात्र गाडे अडते. तेल उडून जाते, मात्रा वाढवली तर साल भाजते, आणि हापूसला ओव्याचा वास आलेला कोणालाच चालत नाही. शिवाय सालीखाली बसलेल्या सुप्त बुरशीपर्यंत ते पोहोचेलच असे नाही. कोरफडीचा गर किंवा मेणाच्या पातळ लेपातून तेल सावकाश सोडणे, हा त्यावरचा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकांना बुरशी सरावली आहे आणि निर्यातीत त्यांच्या अवशेषांवर कडक मर्यादा आहेत, म्हणून हे काम थांबलेलेही नाही.

तोवर सुप्त करप्यावर साधा आणि सिद्ध उपाय गरम पाण्याचा आहे: 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटे. घरच्या बादलीत तापमान इतके नेमके राखणे कठीण. दोन-तीन अंश वर गेले तर सालच शिजते. थंडाव्याने पिकणे लांबते, म्हणजे सालीतील संयुगेही जास्त दिवस टिकतात. पण आंबा सुमारे 12 अंशांखाली फार दिवस ठेवला तर थंडीने इजा होऊन उलट लवकर कुजतो. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास भारतात बंदी आहे, इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे. वायूने फळे एकसारखी पिकतात, आणि एकाच वेळी सगळी बेसावधही होतात.

आढीत भाताचा पेंढा (पिंजर) लागतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भातपट्ट्यात त्याला तोटा नाही. तो कोरडा हवा. वळवाच्या पावसात भिजलेला पेंढा स्वतःच बुरशतो आणि घाटात दचके बसून खरचटलेल्या फळांना ॲस्परजिलस, रायझोपस या बुरशींची लागण होते. रोज आढी उकलून डागी फळ बाजूला काढण्याची जुनी सवय याच कारणाने बरोबर आहे.

हापूसमधला साका या नोंदीत बसत नाही. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीजवळचा गर पांढरट, सच्छिद्र आणि आंबूस होतो, पण त्यात बुरशीचा हात नसतो. ती फळाच्या वाढीतली विकृती आहे आणि इथे सांगितलेल्या कोणत्याही संयुगाचा तिच्यावर उपयोग होत नाही.