साय धरलेला रंग बाद झालेला नसतो

‘उघडलेल्या डब्यातल्या ऑइल पेंटवर साय धरली की तो रंग बाद’, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा नाही. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो. त्यामुळे हवा लागते तो वरचा थरच आधी घट्ट होतो. खालचा रंग बहुधा चांगला असतो. साय कडेने कापून अख्खी उचला, आधी ढवळू नका, नाहीतर तिचे तुकडे रंगभर पसरतात. मग तळापासून ढवळा, पातळ कापडातून गाळा आणि फळीच्या तुकड्यावर लावून पाहा. सारखा पसरला, नीट वाळला, तर निर्धास्त वापरा. आतपर्यंत जेलीसारखा झालेला रंग किंवा व्हार्निश मात्र थिनरनेही सुधारत नाही. उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा लहान डब्यात ठेवावा. आत हवा कमी, म्हणून सायही कमी.