उद्यानाची हद्द पाणी पाळत नाही

जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला की ते वाचलं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानातून, रेडवुड या उंचच उंच झाडांच्या जंगलातून, वाहणाऱ्या रेडवुड क्रीक या नदीने तो खोटा ठरवला.

ते उद्यान ज्यांच्या खटपटीतून झालं, त्यांत सिनेटर थॉमस कीकल यांचं नाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. ते रिपब्लिकन. निक्सन उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर १९५३ मध्ये त्यांच्या रिकाम्या जागेवर सिनेटमध्ये आले. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकासाठी डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्री यांच्या जोडीने त्यांनी आपल्या पक्षाची मतं जुळवली. विधेयक अडवण्यासाठी विरोधकांनी लांबवलेली चर्चा थांबवायला ६७ मतं हवी होती, ७१ पडली. पुढे सिनेटर हेन्री जॅक्सन यांच्यासह त्यांनी रेडवुड उद्यानाचा तोडगा काढला. २ ऑक्टोबर १९६८ ला कायद्यावर सही झाली, तेव्हा कीकल पक्षांतर्गत निवडणूक हरून बसले होते. पद जात असतानाही त्यांनी हे काम सोडलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पण तोडगा हा तोडगाच. उद्यान ५८ हजार एकरांचं झालं, तरी रेडवुड क्रीकच्या काठाने संरक्षण मिळालं ते दोन्ही बाजूंच्या पाव-पाव मैलाच्या पट्टीला. लोक तिला ‘अळी’ म्हणत. तेव्हा माहीत असलेली जगातली सर्वांत उंच झाडं या पट्टीत होती. नदीचं पाणलोट क्षेत्र मात्र सातशेहून अधिक चौरस किलोमीटरचं, आणि वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली.

उतारावरची माती कणांमधल्या घर्षणावर टिकते. पावसात कणांमधली पोकळी पाण्याने भरली की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटं करू पाहतो. मातीच्या वजनातून हा छिद्रदाब वजा करून जो प्रभावी ताण उरतो, त्याच्या प्रमाणातच घर्षण मिळतं. मुळं त्यात भर घालतात. रेडवुडच्या खोडक्याला पुन्हा कोंब फुटतात, म्हणून त्याची सगळी मुळं मरत नाहीत. मोठा घात केला तो ओंडके वाहण्याच्या रस्त्यांनी. रस्त्याखालची मोरी फांद्यांनी तुंबली की ओढा रस्त्यावरूनच वाहतो आणि जिथे कधी प्रवाह नव्हता अशा उतारावर उतरून घळ पाडतो. दरड कोसळली की ‘निसर्गाचा कोप’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी आधी वरच्या मोऱ्या पाहाव्यात.

हा गाळ खाली येऊन नदीचा तळ उचलतो. पात्र उथळ आणि रुंद होतं, काठ खातं. तळाबरोबर काठाच्या सपाटीखालचं भूजलही वर चढतं. रेडवुडची मुळं उंचीच्या मानाने उथळ असतात आणि त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे कुऱ्हाड न लावताही काठचं झाड गुदमरू शकतं.

१९७८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वरच्या उताराचे आणखी ४८ हजार एकर उद्यानात घेतले. त्यातला बहुतेक भाग आधीच तोडलेला होता. आज सर्वांत उंच मानलं जाणारं, सुमारे ११६ मीटरचं ‘हायपेरियन’ याच वाढीव भागात आहे. तेव्हापासून तिथे जुने रस्ते उखडणं सुरू झालं: यंत्रांनी मोऱ्या काढायच्या, भराव उचलून मूळ उतारावर परत रचायचा आणि ओढ्याला त्याची जुनी वाट मोकळी करून द्यायची.