24 तासांतली भुकटी आणि मुरलेलं खत: हॉटेलच्या ओल्या कचऱ्यातला गोंधळ

दोन गोण्या शेजारी ठेवा. एकीत हॉटेलचा ओला कचरा घालायच्या यंत्रातून 24 तासांत निघालेली भुकटी, दुसरीत दीड-दोन महिने मुरलेलं कंपोस्ट. दोन्ही तपकिरी, कोरडी, हाताला रवाळ. दोन्ही खत म्हणूनच विकली जातात. पण पहिल्या गोणीत असतं ते वाळवून बारीक केलेलं उष्टं अन्न. ते बागेत टाकल्यावर झाडं पिवळी पडतात, उंदीर-घुशी येतात आणि मग ‘हॉटेलच्या कचऱ्याचं खत होतच नाही’ असा ग्रह होऊन बसतो.

हिशेब करून पाहू. भात, पोळ्या, भाजीची देठं, ताटातलं उरलेलं असा 100 किलो कचरा घेतला, तर त्यात साधारण 75 किलो पाणीच असतं. तापवणारं यंत्र ते पाणी उडवतं आणि 28 किलोच्या आसपास भुकटी उरते. वजन घटलं ते वाफ गेल्यामुळे, अन्न आहे तसंच आहे. शिवाय तेवढं पाणी उडवायला नुसत्या वाफेपुरती 45 युनिट वीज लागते. उष्णतेची गळती धरली की आणखी जास्त. कंपोस्टच्या ढिगाला ही वीज लागत नाही. जिवाणू अन्न खातात, त्यातूनच ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. ही ऊब किमान तीन दिवस सगळ्या ढिगाला मिळाली की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. पुढे ढीग हळूहळू निवतो आणि मुरतो. याच काळात आंबट आम्लं संपतात, अमोनियाचं नायट्रेट होतं. हे आठवड्यांचं काम एका रात्रीत उरकत नाही, यंत्र कितीही महाग असलं तरी.

घोटाळा नावातही आहे. ‘ओडब्ल्यूसी’ (ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर, म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र) या एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात. एक वर सांगितलेलं, तापवून वाळवणारं. दुसरं कचरा चिरून त्यात लाकडाचा भुसा आणि जिवाणूंचं विरजण (कल्चर) मिसळतं. पुढचे 10-15 दिवस तो माल क्रेटमध्ये तापतो आणि नंतर मुरायला ठेवावा लागतो. दुसऱ्या यंत्राला जागा आणि माणूस लागतो, पण हाती खत येतं. खरेदीच्या वेळी ‘बाहेर पडलेला माल पुढे किती दिवस ठेवायचा?’ एवढं विचारा. ‘थेट झाडाला घाला’ असं उत्तर आलं तर ते यंत्र वाळवणारं आहे असं धरून चाला.

क्रेटमध्ये किंवा हौदात खत करताना पहिली चूक होते ती पाण्याची. आमटी, सांबार, रस्सा आधी गाळून काढा, कचरा जाळीच्या टोपलीत अर्धा तास निथळू द्या. यात पाण्याबरोबर बरंचसं मीठही जातं, आणि हॉटेलच्या खतात झाडं करपतात ती बऱ्याचदा मिठाने. निथळलेल्या 100 किलोला 25 ते 30 किलो कोरडा भुसा लागतो. भुसा महाग पडत असेल तर त्यातला निम्मा वगळून त्याऐवजी तयार जुनं खत मिसळा. ते ओल शोषतं आणि जिवाणूही पुरवतं. मूठभर मिश्रण आवळल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. शहाळी, करवंट्या, मोठी हाडं वेगळी ठेवा.

नाकाला अमोनिया झोंबला तर भुसा कमी पडलाय. आंबट, कुबट वास आला तर हवा कोंडलीय: ढीग उलटा, भुसा घाला. ढीग तापतच नसेल तर तो एक तर फार कोरडा आहे किंवा फार लहान. उघड्या ढिगाला साधारण एक घनमीटर आकार हवा.

गोणीतलं खत आहे की भुकटी, हे स्वयंपाकघरातल्या अळिवाने कळतं. 10 ग्रॅम माल 100 मिली पाण्यात तासभर भिजवा, फडक्याने गाळा. एका ताटलीत कागदी रुमालावर हे पाणी, दुसऱ्या ताटलीत साधं पाणी. दोन्हींत 20-20 दाणे पसरा. दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण धरतं, ते धरू द्या. दोन-तीन दिवसांनी मुळं मोजा. मुरलेल्या खतात ती साध्या पाण्याइतकीच लांब आणि पांढरी असतात. भुकटीच्या पाण्यात दाणे फुगतात, पण मुळाचं टोक तपकिरी होऊन तिथेच थांबतं. याहून सोपी खूण हवी असेल तर मूठभर माल ओलसर करून बरणीत तीन दिवस झाकून ठेवा. खताला मातीचा वास येतो. भुकटीला आंबलेल्या भाताचा, आणि वर पांढरी बुरशी.

यंत्र आधीच घेतलं असेल तर भुकटी फेकू नका. ती हलकी असते, टेम्पोत न्यायला सोपी, कंपोस्टसाठी चांगला कच्चा माल आहे. एक भाग भुकटीला तीन भाग वाळलेला पाला, दोन्ही ओलसर करून हौदात भरा, आठवड्याने उलटत राहा. ढीग पूर्ण निवल्यावर आणखी महिनाभर मुरू द्या, आणि अळिवाची परीक्षा पुन्हा घ्या. महाबळेश्वरला किंवा कोकणात पावसाळ्यात भुकटी गोणपाटात ठेवू नका. हवेतली ओल धरून ती दोन दिवसांत सडायला लागते. झाकणाच्या पिंपातच ठेवा.