घटनादुरुस्तीचं कलम आधी वाचा

सोव्हिएत संघाची १९३६ची राज्यघटना वाचायला फार छान आहे. भाषणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभा-मिरवणुकांचा हक्क, सगळं त्यात आहे. न्यायालयाच्या निर्णयाशिवाय किंवा सरकारी अभियोक्त्याच्या मंजुरीशिवाय कोणाला अटक करता येणार नाही, असंही कलम आहे. पुढच्या दोनच वर्षांत, १९३७-३८मध्ये, तिथे सहा लाखांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. घटनेचं एकही कलम त्यासाठी रद्द करावं लागलं नाही.

घटनेकडून मुळात तीन कामांची अपेक्षा असते. कायदे कोण करणार, तिजोरी कोणाच्या हाती, न्यायाधीश कोण नेमणार, हे ठरवून ती सत्ता उभी करते. त्या सत्तेला मर्यादा घालते. आणि सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाईल, तेही सांगते. पहिलं काम जवळपास सगळ्याच घटना करतात, हुकूमशहांच्यासुद्धा. खरी परीक्षा दुसऱ्या कामात असते.

पाठ्यपुस्तकात घटनांचे प्रकार सांगताना सुरुवात होते ती लिखित आणि अलिखित या जोडीने. मला ही विभागणी सर्वांत कमी उपयोगाची वाटते. ब्रिटनची घटना अलिखित म्हणायची, पण १६८९चा हक्कांचा कायदा, १७०१चा वारसाहक्काचा कायदा, १९११चा पार्लमेंटचा कायदा हे सगळे कागदावरच आहेत. फक्त ते एका पुस्तकात बांधलेले नाहीत. न्यूझीलंड आणि इस्रायलचंही तसंच. खरा फरक वेगळाच आहे: ब्रिटनमध्ये घटनात्मक कायदाही साध्या बहुमताने बदलता येतो.

याचा नमुना २०१९मध्ये दिसला. मुदतपूर्व निवडणूक हवी असेल तर कनिष्ठ सभागृहाच्या एकूण जागांच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं लागतील, असा कायदा २०११मध्ये झाला होता. २८ ऑक्टोबर २०१९ला सरकारने ठराव मांडला आणि त्याला २९९ मतं पडली. दुसऱ्याच दिवशी सरकारने निवडणुकीची तारीख ठरवणारं छोटंसं विधेयक आणलं. त्याला साधं बहुमत पुरत होतं. (गंमत म्हणजे त्याला ४३८ मतं मिळाली.) २०२२मध्ये २०११चा तो कायदाच रद्द झाला. अशा घटनेला लवचीक म्हणतात.

ताठर घटनेचं ठरलेलं उदाहरण अमेरिकेचं. तिथे दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग म्हणजे काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि मग तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता, आजच्या हिशेबाने ५०पैकी ३८. १७८९पासून जेमतेम २७ दुरुस्त्या झाल्यात. त्यातली सत्ताविसावी तर अफलातून आहे. काँग्रेस सदस्यांनी ठरवलेली पगारवाढ पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये, एवढंच ती म्हणते. १७८९मध्ये मांडली गेली, पुरेशी राज्यं मिळाली नाहीत, पण तिला मुदतच घातलेली नव्हती. १९८२मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं की हा प्रस्ताव अजून जिवंत आहे. त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. त्याने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहायला घेतली आणि १९९२मध्ये ती दुरुस्ती घटनेत आली!

ऑस्ट्रेलियात बदलासाठी सार्वमत लागतं. देशभरात बहुमत हवं, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही. १९०१पासून २०२३पर्यंत ४५ प्रस्ताव लोकांपुढे गेले, ८ मंजूर झाले. भारताने मधली वाट धरली: काही तरतुदी साध्या बहुमताने, बऱ्याचशा विशेष बहुमताने, आणि संघराज्याच्या रचनेला हात घालणाऱ्या काहींसाठी निम्म्या राज्यांची संमतीही.

संघराज्यात्मक की एकात्म, अध्यक्षीय की संसदीय, की फ्रान्सच्या १९५८च्या घटनेसारखी दोन्हींची सरमिसळ, हे प्रकारही महत्त्वाचेच. पण ते सत्तेची वाटणी सांगतात. ती वाटणी उद्या कोणी मोडीत काढू शकतो का, हे दुरुस्तीच्या कलमातूनच कळतं.

जर्मनीने हा धडा फार महागात घेतला. १९१९च्या वायमार घटनेत दोन तृतीयांश मतांनी काहीही बदलता येत होतं. २३ मार्च १९३३ला त्याच वाटेने, कम्युनिस्ट सदस्यांना बाहेर ठेवून आणि सभागृहात गणवेशातली माणसं उभी करून, संसदेला बाजूला सारून कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देण्यात आला. बाजूने ४४४, विरोधात ९४. जुनी घटना रीतसर रद्द करायची तसदी कोणी घेतलीच नाही. म्हणून १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या नव्या घटनेत, कलम ७९(३) आलं: मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य यांची मूळ तत्त्वं कितीही बहुमत असलं तरी बदलता येणार नाहीत. भारताच्या घटनेत असं कलम नव्हतं. २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडला, म्हणजे संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा गाभा मोडता येणार नाही; तोही सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने. लोकांनी न निवडलेल्या न्यायाधीशांनी ही मर्यादा ठरवावी का, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

दक्षिण आफ्रिकेने त्यावर आगळा तोडगा काढला. १९९४च्या पहिल्या सर्ववर्णीय निवडणुकीआधीच पक्षांनी ३४ तत्त्वं मान्य केली आणि नवी घटना त्यांत बसते की नाही हे तपासायचं काम घटनात्मक न्यायालयाला दिलं. निवडून आलेल्या संविधान सभेने मे १९९६मध्ये घटना संमत केली, सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती परत पाठवली. एक आक्षेप असा होता की हक्कांचं प्रकरण बदलणं फार सोपं ठेवलंय. सभेने दुरुस्त्या केल्या, डिसेंबरमध्ये न्यायालयाची संमती मिळाली आणि १० डिसेंबरला शार्पव्हिल इथे नेल्सन मंडेलांनी सही केली. आज तिथे घटनेतलं पहिलं, पायाभूत मूल्यांचं कलम बदलायला राष्ट्रीय सभेत ७५ टक्के मतं आणि नऊपैकी सहा प्रांतांचा पाठिंबा लागतो. ही ७५ टक्क्यांची अट काढून टाकायची म्हटलं, तरी पुन्हा तेवढंच बहुमत लागतं.